डांबराला हमी, फुटपाथला नाही : जंगली महाराज रस्त्याचं प्रकरण

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचा दाखला हमखास दिला जातो. १९७०च्या दशकात मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो हॉटमिक्स पद्धतीने, म्हणजे खडी आणि डांबराचं गरम मिश्रण अंथरून, बांधला, महापालिकेला दहा वर्षांची हमी दिली आणि हमीची मुदत उलटून गेल्यावरही वर्षानुवर्षं रस्त्याला खड्डे पडले नाहीत. ही गोष्ट शहरात दोन-तीन पिढ्या सांगितली जाते आहे. त्याच रस्त्यावर चाळीस वर्षांनी दुसरं मोठं काम झालं. २०१६नंतर महापालिकेने टप्प्याटप्प्याने इथले फुटपाथ रुंद केले, सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली, झाडांभोवती बसायला जागा केली, मुलांसाठी खेळणी बसवली. चालणाऱ्या माणसाचा विचार करून रस्ता कसा करावा, याचा नमुना म्हणून हे काम इतर शहरांना दाखवलं गेलं.

डांबराच्या कामात हमी कोणाची आणि किती वर्षांची, हे ठरलेलं होतं. फुटपाथच्या कामात फरशी उखडली तर ती कंत्राटदाराने बदलून द्यायची, इतपत ठरलं. पण त्या फरशीवरून माणसाला रोज चालता येईल, हे पाहण्याची जबाबदारी एका कोणाच्या नावावर लागली नाही. या प्रकरणातून जे शिकायचं ते माझ्या मते याच फरकात आहे. नवा फुटपाथ बांधण्यापेक्षा बांधलेला फुटपाथ राखणं अवघड असतं आणि आपली सगळी यंत्रणा बांधण्यासाठी उभी आहे.

रस्ता आणि त्यावरची माणसं

संचेती चौकाकडून डेक्कनला येणारा हा रस्ता लांबीने दोन किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा अंतरात पाताळेश्वराची लेणी, जंगली महाराजांचं समाधी मंदिर, शाळा-महाविद्यालयं, संभाजी उद्यान आणि १९६८पासून उभं असलेलं बालगंधर्व रंगमंदिर आहे. कपड्यांची दुकानं आणि हॉटेलं तर ओळीने आहेत. नदीच्या अंगाने मेट्रो धावते आणि २०२३पासून संभाजी उद्यान व डेक्कन अशा दोन स्थानकांतून उतरलेली माणसं याच रस्त्यावर येतात.

म्हणजे इथे चालणारा माणूस एका प्रकारचा नाही. दुपारच्या नाटकाला आलेले सत्तरीतले आजी-आजोबा, बागेत निघालेली तीन वर्षांची मुलगी, बस पकडायला धावणारी कॉलेजची मुलं, दुकान मिटून रात्री घरी जाणाऱ्या विक्रेत्या बायका, पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस. रस्त्याची परीक्षा यांतल्या सगळ्यात हळू चालणाऱ्यावर घ्यायची असते. तरुण, धडधाकट माणूस दुभाजकावरूनही उडी मारून जातो. त्याला रस्ता सोयीचा वाटला, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वाहनांच्या दृष्टीने जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही एकेरी वाहतुकीची जोडी आहे. फर्ग्युसनने डेक्कनकडून वर जायचं, जंगली महाराजने डेक्कनकडे खाली यायचं. एकेरी रस्त्यावर समोरून कोणी येत नाही, त्यामुळे वाहनचालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच पडतो. रस्ता ओलांडणाऱ्याला एकाच बाजूला पाहावं लागतं खरं, पण येणारी गाडी वेगात असते. वेगाचा मुद्दा किरकोळ नाही. ताशी ३० किलोमीटरने धडक बसली तर बहुतेक पादचारी वाचतात. ५० किलोमीटरला जिवाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. जवळजवळ प्रत्येक पाचवा मृत्यू पायी चालणाऱ्याचा.

काय केलं

आधीचं चित्र पुण्यातल्या इतर मोठ्या रस्त्यांसारखंच होतं. फुटपाथ कुठे ऐसपैस, कुठे दोन फूट, कुठे गायबच. गाड्या काही ठिकाणी तिरप्या लागलेल्या, काही ठिकाणी समांतर. रस्त्याची रुंदी जागोजागी बदलायची, म्हणून गाड्या रुंद जागी पसरायच्या आणि पुढे अरुंद जागी एकमेकींत घुसायच्या.

नव्या रचनेचं सूत्र असं होतं की गाड्यांसाठीची जागा सलग एकसारख्या रुंदीची ठेवायची आणि उरलेली सगळी जागा चालणाऱ्यांना, झाडांना, बसथांब्यांना आणि शिस्तीत लावलेल्या गाड्यांना द्यायची. पुष्कळांना हे पटत नाही. रस्ता अरुंद केला की कोंडी होणारच, असं त्यांना वाटतं. पण शहरातल्या रस्त्याची वाहून नेण्याची ताकद चौकात ठरते. सिग्नल हिरवा असताना जेवढ्या गाड्या सुटतात तेवढ्याच पुढे जाणार. मधल्या पट्ट्यात रस्ता कितीही ऐसपैस असला तरी त्याने ती संख्या वाढत नाही. मधली जास्तीची रुंदी फक्त वेडीवाकडी गाडी उभी करायला आणि सिग्नल ते सिग्नल सुसाट सुटायला उपयोगी पडते. तीच जागा काढून फुटपाथला दिली तर वाहनचालकाचं फारसं काही जात नाही, आणि चालणाऱ्याला रस्ता मिळतो.

फुटपाथची आखणीही विचारपूर्वक झाली. चांगला फुटपाथ तीन पट्ट्यांचा असतो. दुकानालगतची पट्टी थबकणाऱ्यांसाठी, मधली निव्वळ चालण्यासाठी, आणि रस्त्याकडेची झाडं, दिव्याचे खांब, बाक, वीजपेट्या यांच्यासाठी. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या सूचनांप्रमाणे मधली पट्टी कुठेही १.८ मीटरपेक्षा कमी नको, दुकानांच्या भागात त्याहून जास्त हवी. १.८ मीटर अशासाठी की समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाव्यात. फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या आत असावी, हाही नियम आहे. गुडघा दुखणाऱ्या माणसाला यातलं महत्त्व कळतं. पुण्यात फूट-फूट उंचीचे फुटपाथ आजही आहेत, आणि म्हातारी माणसं ते सोडून रस्त्याच्या कडेने चालतात, कारण दर इमारतीच्या फाटकापाशी उतरायचं आणि पुन्हा चढायचं त्यांच्याने होत नाही.

महापालिकेने त्याच सुमारास, २०१६मध्ये, पादचारी धोरण आणि शहरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका अशी दोन्ही कागदपत्रं तयार केली होती. धोरण होतं, आराखडा होता, पैसा होता, सल्लागार होते. आणि काम खरोखर चांगलं झालं. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जुन्या झाडांना धक्का न लावता त्यांच्याभोवती बसायची जागा करणं ही साधी गोष्ट नव्हती. सगळ्यात सोपा मार्ग नेहमी झाड तोडण्याचाच असतो.

संध्याकाळी सात वाजता

आता हाच फुटपाथ गर्दीच्या वेळी पाहू. बालगंधर्वकडून डेक्कनच्या दिशेने पायी निघायचं आणि नजर फक्त पिवळ्या फरशीवर ठेवायची. दृष्टी नसलेल्या माणसासाठी ही फरशी घातलेली असते. लांब रेघांची फरशी म्हणजे सरळ चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे उतार किंवा वळण आहे. पाय किंवा काठी त्या उंचवट्यांवर फिरवत माणूस एकटा जाऊ शकतो.

थोडं पुढे गेलं की त्या रेघांवर स्कूटर दिसते. स्टँडवर लावलेली, मागचं चाक नेमकं पिवळ्या पट्टीवर. तिच्या शेजारी आणखी तीन. ती वर कुठून आली, हे पाहायला मागे वळलं की व्हीलचेअरसाठी केलेला उतार दिसतो. पुढे दुकानाची पाटी फुटपाथवर उभी आहे, त्यावर सवलतीचा मोठा आकडा. मग एक झाकण, भोवतालच्या फरशीपेक्षा बोटभर वर आलेलं. मग खोदाई करून परत बुजवलेला चौकोन, त्यात पिवळ्या फरशीऐवजी साधीच फरशी बसवलेली, म्हणजे रेघ तिथे तुटली. डोळस माणूस हे सगळं सहज चुकवत जातो, त्याला लक्षातही येत नाही. पांढरी काठी घेतलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे.

यातलं काहीही आराखड्यात नव्हतं. हे सगळं नंतर आलं, थोडंथोडं, कोणाच्याही निर्णयाशिवाय.

फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब लावा, अशी मागणी नेहमी होते, आणि खांब लावलेही जातात. इथे एक तांत्रिक अडचण आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. व्हीलचेअर जायला दोन खांबांमध्ये किमान ९० सेंटिमीटर जागा सोडावी लागते. स्कूटरची रुंदी ७० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच. खांब जवळ आणले तर स्कूटर थांबेल, पण ज्याच्यासाठी उतार केला तोच माणूस बाहेर राहील. खांबांनी मोटारी थांबतात, दुचाकी थांबत नाहीत. दुचाकींच्या शहरात फुटपाथ मोकळा ठेवायचा तर शेवटी कुणाला तरी रोज तिथे जाऊन पाहावं लागतं. चांगल्या आराखड्याची मर्यादा इथे येते.

फुटपाथ कोणाचा?

फरशी पथ विभागाची. दिवे विद्युत विभागाचे. झाडं उद्यान विभागाची. दुकानाच्या पाटीचा परवाना आकाशचिन्ह व परवाना विभाग देतो. विनापरवाना पथारी अतिक्रमण विभागाने उचलायची. गटाराचं झाकण मलनिःसारण विभागाचं, वीजपेटी महावितरणची, बसथांबा पीएमपीचा. केबलसाठी खोदाईची परवानगी महापालिका देते, खोदते मात्र खासगी कंपनी. आणि फुटपाथवर लावलेली स्कूटर उचलायचं काम वाहतूक पोलिसांचं, जे महापालिकेच्या अखत्यारीतच येत नाहीत.

यातला प्रत्येक विभाग आपापलं काम करत असेल, तरीही फुटपाथ चालण्याजोगा राहीलच असं नाही. कारण ‘चालता येतं का?’ हा प्रश्न कोणत्याच विभागाच्या कामाच्या यादीत नाही. नागरिकाने तक्रार केली तर ती एका विभागाकडे जाते. तो आपल्यापुरतं पाहतो आणि तक्रार बंद होते. झाकण दुरुस्त झालं तरी शेजारची पाटी तशीच.

झाडणकामाची व्यवस्था याच्या शेजारी ठेवून बघा. रस्ता झाडणाऱ्या प्रत्येक सेवकाची हद्द ठरलेली असते. आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई सेवकांच्या हजेरीच्या ठिकाणी, हजेरी लागते, मुकादम फेरी मारतो, त्याच्यावर आरोग्य निरीक्षक असतो. सकाळी अमुक पट्टा झाडला गेला नाही तर विचारायचं कोणाला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या व्यवस्थेत उणिवा आहेत, माणसं कमी आहेत, सगळं खरं. पण रस्ता झाडला जातो तो याच रोजच्या हद्दवार व्यवस्थेमुळे. एकदा झाडून वर्षभर स्वच्छ राहील, अशी अपेक्षा कोणी करत नाही. फुटपाथ मात्र एकदा मोकळा केला की कायम मोकळा राहील, असं आपण धरून चालतो.

पार्किंग आणि पथारी

या दोन विषयांवर पुण्यात आवाज लगेच चढतो, म्हणून दोन्हींबद्दल स्पष्ट लिहितो.

पार्किंगबद्दल माझं मत पक्कं आहे. रस्त्यावरची जागा फुकट किंवा फुकटासारखी असेल तोवर फुटपाथ सुरक्षित राहणार नाही. महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध इतका झाला की ते मोजक्या पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर राबवायचं ठरलं, आणि प्रत्यक्षात तेही बारगळलं. त्याच सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची आकडेवारी आली होती. इतकी वाहनं असलेल्या शहरात दुकानासमोरच्या जागेला काहीच मोल नसेल, तर ती सकाळी पहिल्या येणाऱ्याची होते. अनेकदा तो पहिला म्हणजे दुकानातला कर्मचारी असतो. दिवसभर त्याची गाडी तिथे राहते, मग ग्राहकाला जागा नसते आणि ग्राहकाची स्कूटर फुटपाथवर चढते. तासाप्रमाणे पैसे लागले असते तर तीच जागा दिवसात आठ-दहा ग्राहकांच्या कामी आली असती. व्यापाऱ्यांची भीती मी समजू शकतो. गिऱ्हाईक तुटलं तर भाडं त्यांनाच भरायचं असतं. पण त्यांचं गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते पायीच, आणि काचेपुढे थबकायला त्याला जागा लागते.

पथारीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांना स्कूटरच्या रांगेत बसवणं मला मान्य नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलं आहे. शहर फेरीवाला समितीने सर्वेक्षण करून जागा ठरवून द्यायच्या, असं कायदा सांगतो. फुलं, पुस्तकं, चहा विकणारी माणसं फुटपाथवर असली की रात्री नऊनंतरही बाईमाणसाला तिथून एकटीने जाताना धीर असतो. बंद शटरच्या ओळीपुढून जाताना तो नसतो. प्रश्न फक्त जागेचा आहे. झाडं आणि खांबांच्या पट्टीत, दोन झाडांच्या मधे, आखून दिलेल्या चौकोनात विक्रेता बसला तर चालण्याची पट्टी मोकळी राहते. आराखडा काढतानाच हे चौकोन आखायला हवे होते. ते आखले नाहीत की मग कारवाईचा ट्रक येतो, माल उचलतो, दोन दिवसांनी पथारी पुन्हा लागते. त्यात गरिबाचं नुकसान होतं, आणि फुटपाथ मोकळा राहतो तो दोनच दिवस.

सायकलचं काय झालं

पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खडकीच्या कारखान्यांकडे पाळी बदलताना निघणाऱ्या सायकलींच्या रांगा, तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं, दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की अडवणारे पोलिस, हे पाहिलेली माणसं अजून आहेत. त्या काळी सायकलसाठी वेगळा ट्रॅक लागत नव्हता, कारण रस्त्यावर वेगाने जाणारं फारसं काही नव्हतंच. पुढे स्कूटर आली आणि सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली.

डिसेंबर २०१७मध्ये महापालिकेने पुणे सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं सायकलींचं जाळं सुचवलं होतं. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. पुढच्या वर्षात आणखी कंपन्या आल्या, पिवळ्या-केशरी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या, आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या, कंपन्यांचं गणितही जुळलं नाही. पण मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते हे की सायकली आल्या तेव्हा जाळं कागदावर होतं.

जंगली महाराज रस्त्यावरची सायकलची पट्टी याच अडचणीत सापडली. एक म्हणजे ती सुटी आहे. धायरीहून किंवा वारज्याहून सायकलवर निघालेल्या माणसाला डेक्कनपर्यंत यायलाच जीव मुठीत धरावा लागत असेल, तर तिथून पुढचा चांगला तुकडा त्याच्या काय कामाचा? सायकलवरचा माणूस आपला मार्ग ठरवतो तो त्यातला सगळ्यात भीतिदायक चौक लक्षात घेऊन. दुसरं म्हणजे बसथांबे. थांब्यावरची माणसं बस कुठवर आली हे पाहायला पुढे येतात आणि सायकलच्या पट्टीत उभी राहतात. चूक त्यांची नाही. पट्टी थांब्याच्या मागून न्यायला हवी, म्हणजे ही टक्कर होत नाही.

तिसरी अडचण एकेरी वाहतुकीची. डेक्कनहून बालगंधर्वला सायकलने जायचं तर नियमाप्रमाणे फर्ग्युसन रस्त्याने वर चढून, घोले रस्त्याने खाली उतरून यायचं. गाडीला हा वळसा दोन मिनिटांचा आहे. सायकलवाल्याला तो चढ आहे, तोही टेकडीच्या बाजूचा. म्हणून डबा पोचवणारा किंवा दुकानात कामाला जाणारा सायकलवाला सरळ उलट्या दिशेने येतो. त्याला बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. एकेरी रस्ते मोटारींच्या सोयीसाठी केले, त्याचा भुर्दंड त्याच्या पायांवर का? जगातल्या अनेक शहरांनी एकेरी रस्त्यावर सायकलला उलट दिशेने जायची वेगळी, आखलेली, संरक्षित पट्टी दिली आहे. इथे तिच्यासाठी रुंदी आहे. पण तिथे आज गाड्या लागतात.

रिकाम्या पट्टीत दुचाकी लागणं हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा असतो. सायकली दिसत नाहीत, म्हणून पट्टी वाया गेली, असं बोललं जातं. मग तिथे पार्किंग होतं, मग सायकल येण्याची उरलीसुरली शक्यताही संपते.

एक दिवस आणि बाकीचे दिवस

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला, आणि पुढे दर वर्षी तो होत राहिला. असा दिवस पाळणारं पुणे देशातलं पहिलं शहर ठरलं. रस्त्याच्या मधोमध चालणारी माणसं, खेळणारी मुलं आणि निवांत खरेदी करणारी कुटुंबं पाहिली की शहराला हे हवं आहे, याबद्दल शंका उरत नाही. मी या उपक्रमाच्या बाजूने आहे. त्या दिवशी महापालिकेचे सगळे विभाग आणि वाहतूक पोलिस एकाच रस्त्यावर, एकाच हेतूने हजर असतात. रोजच्या रोज तेवढी माणसं लागणार नाहीत. पण ही मंडळी एकत्र काम करू शकतात, एवढं त्या दिवशी दिसतं.

कायद्याची बाजूही आता भक्कम आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पादचाऱ्याला वापरण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि फुटपाथ अपंग व्यक्तींना वापरता यावेत, त्यांवरची अतिक्रमणं हटवावीत, असंही बजावलं. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं १९८अ हे कलम रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल निकषांप्रमाणे न करणाऱ्या यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. यातला ‘देखभाल’ हा भाग आपल्या कामाचा आहे.

हमी कशी लिहावी

माझी सूचना अशी. रस्त्याच्या कामाला जसा दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या काळात काम बिघडलं तर कंत्राटदाराने ते दुरुस्त करून द्यायचं, तसा फुटपाथला मोकळेपणाचा कालावधी असावा. पाच वर्षांचा ठेवा. फरशी फुटली-उखडली एवढंच त्यात मोजायचं नाही. चालण्याची पट्टी दिवसाच्या कोणत्याही वेळी १.८ मीटर सलग मोकळी आहे का, पिवळी रेघ सलग आहे का, दर फाटकापाशी फुटपाथ समतल आहे का, हे मोजायचं. मोजायला टेप पुरते. त्यासाठी संचेती ते डेक्कन या पट्ट्याला एक नेमलेला माणूस हवा, झाडणकामाच्या मुकादमासारखा. त्याची रोज एक फेरी, गर्दीच्या वेळी. स्वतः दंड करण्याचा अधिकार त्याला नसला तरी चालेल. पण त्याने फोटो पाठवला की संबंधित विभागाने ठरावीक तासांत ते काम केलंच पाहिजे. नाही केलं तर क्षेत्रीय कार्यालयाच्या साप्ताहिक बैठकीत त्या विभागाच्या अधिकाऱ्याने कारण सांगायचं. वाहतूक पोलिसांचा एक प्रतिनिधी त्या बैठकीला बसला पाहिजे, नाहीतर स्कूटरचा प्रश्न दर वेळी ‘आमच्याकडे येत नाही’ या वाक्यापाशी अडेल.

खोदाईच्या परवानगीतही एक अट घालावी लागेल. ज्या प्रकारची फरशी काढली त्याच प्रकारची, त्याच पातळीला, पिवळी रेघ जुळवून परत बसवल्याशिवाय अनामत रक्कम परत नाही. आणि रस्ता ओलांडायच्या जागा फुटपाथच्या पातळीला उचलून घ्याव्यात, विशेषतः बालगंधर्व आणि संभाजी उद्यानासमोर, म्हणजे वाहनाला चढून उतरावं लागेल आणि वेग आपोआप ३०च्या आसपास येईल. पादचारी मात्र समतल जाईल.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. शहरात सुमारे चौदाशे किलोमीटर रस्ते असताना एकाच रस्त्याचे लाड का? कात्रज, धानोरी, आंबेगावच्या माणसाला साधा फुटपाथही नाही. मला वाटतं, महागडी फरशी आणि शोभेचं सामान सगळीकडे नेण्याची गरजच नाही. न्यायची आहे ती देखभालीची पद्धत. साध्या सिमेंटच्या सलग, बुटक्या, मोकळ्या फुटपाथवरून आजी जितक्या निर्धास्त जातील, तितक्या ग्रॅनाइटच्या अडवलेल्या फुटपाथवरून जाणार नाहीत.

सांगली, सातारा, बारामतीसारख्या शहरांना तर हे पुण्याहून सोपं आहे. तिथे मुख्य बाजाराचा रस्ता एखाद-दोन किलोमीटरचा असतो, अंतरं सायकलच्या टप्प्यातली असतात, विभाग कमी असतात आणि कोणाला विचारायचं हे गावाला माहीत असतं. पुण्यासारखी वाहनसंख्या होण्याआधी हे ठरवून टाकण्याची संधी त्यांच्या हातात अजून आहे.

पुण्यात सुरुवात बालगंधर्व ते डेक्कन या अर्ध्या पट्ट्यापासून करावी. मेट्रोची दोन्ही स्थानकं इथेच आहेत, त्यामुळे चालणाऱ्यांची संख्या वाढतीच राहणार. पट्टा शिवाजीनगर-घोले रोड क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत आहे, त्यामुळे दोन कार्यालयांत कागद फिरणार नाहीत. पट्टेवार माणूस नेमायला आणि साप्ताहिक बैठक लावायला नवा कायदा किंवा नवं धोरण लागत नाही. महापालिका आयुक्तांचा एक कार्यालयीन आदेश त्याला पुरतो.